पिशवीवर आकार, बाटलीवर अनामत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गोवा सरकारने २०२४ साली अविघटनशील कचऱ्यासाठी ठेव परतावा योजना अधिसूचित केली. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कचरा आणि त्यावरची आकारणी हा विषय वारंवार येऊ लागला आहे. वस्तू विकत घेताना वेष्टनापोटी थोडी रक्कम अनामत म्हणून द्यायची आणि रिकामे वेष्टन परत केले की ती परत घ्यायची, असे त्या योजनेचे थोडक्यात स्वरूप आहे. पत्रे बाजूने आहेत तशी विरोधातही आहेत. त्यांतील काही निवडून येथे उत्तरे देत आहे. लांब पत्रे मुद्द्यापुरती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी आमच्या शुक्रवारच्या बाजारात त्या सर्रास मिळतात. जिथे बंदीने काही साधले नाही, तिथे पिशवीमागे एक-दोन रुपये घेऊन काय साधणार? ज्याला पाचशे रुपयांचा विसवण मासा परवडतो, त्याला दोन रुपये जड थोडेच आहेत? (एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर : दोन रुपये कोणालाच जड नसतात, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु आकाराचा, म्हणजे अशा शुल्काचा, परिणाम खिशाला बसणाऱ्या झळेपेक्षा विचारले जाण्यातून अधिक होतो. पिशवी फुकट असते तेव्हा कोणी कोणाला काही विचारत नाही. विक्रेता सवयीने देतो आणि गिऱ्हाईक सवयीने घेते. ‘पिशवी हवी का, दोन रुपये होतील’ असे कोणी म्हटले, की हातात दोनच वस्तू असलेला माणूस क्षणभर थांबतो आणि ‘नको, अशीच नेतो’ म्हणतो. पुढच्या खेपेला तो घरूनच पिशवी घेऊन निघतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आयर्लंडचा आहे. तेथे ४ मार्च २००२ रोजी प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट आकार लागू झाला. त्यापूर्वी माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या वापरल्या जात असत. आकारानंतर ते प्रमाण २१ वर आले. त्यातली एक गोष्ट आपल्या धोरणकर्त्यांनी नीट पाहावी अशी आहे. आकार ठरवण्यापूर्वी तेथे लोकांना पिशवीमागे किती द्याल असे विचारले गेले होते, आणि जो आकार प्रत्यक्षात लावला तो लोकांनी सांगितलेल्या सरासरी रकमेच्या सहा पटींहून अधिक होता. लोक निमूटपणे देतील एवढाच आकार लावला असता, तर लोकांनी तो निमूटपणे दिला असता आणि पिशव्याही घेतल्या असत्या. पुढे वापर थोडा वाढू लागला तेव्हा २००७ च्या जुलैपासून तो आकार २२ सेंट करण्यात आला. दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट घडले. तेथे २००३ साली आकार लागला, सुरुवातीला वापर झपाट्याने घटला, पण दर लवकरच कमी करण्यात आला आणि पिशव्या पुन्हा पूर्वीच्या वाटेने जाऊ लागल्या.

दुसरा पुरावा अमेरिकेतला, वॉशिंग्टनच्या परिसरातला आहे. काही दुकाने स्वतःची पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट सूट देत असत आणि त्या सवलतीने गिऱ्हाइकांच्या वागण्यात जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. पुढे तेवढ्याच ५ सेंटांचा कर पिशवी घेणाऱ्यावर लागला, तेव्हा दुकानातली पिशवी घेणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. रक्कम तीच होती. पण मिळणारे पाच सेंट माणूस सहज सोडून देतो आणि जाणारे पाच सेंट मात्र त्याला खटकतात. आपल्याकडे ‘पिशवी आणा, सूट मिळवा’ अशा योजना जाहीर करणाऱ्या संस्थांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

आता आपल्या शुक्रवारच्या बाजाराकडे येतो, कारण तेथे हे सारे जसेच्या तसे लागू पडत नाही. मासळीवालीकडे ना गल्ला आहे ना बिल. तिच्या पाटीखाली पातळ पिशव्यांचा गठ्ठा असतो. बांगड्यांचा एक वाटा ती एका पिशवीत घालते, पाणी गळते म्हणून ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालते, आणि गाठ मारून हातात देते. तिने एकटीने दोन रुपये मागितले, तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळते. म्हणून तिच्याकडून आकार वसूल करण्याचा विचार मला अव्यवहार्य आणि अन्यायाचाही वाटतो. तो गठ्ठा तिच्यापर्यंत ज्या घाऊक विक्रेत्याकडून येतो, तेथे बंदीची अंमलबजावणी व्हायला हवी. एका शहरातली घाऊक दुकाने तपासणे शक्य असते. शंभर पाट्या तपासणे पालिकेला झेपत नाही आणि ते करूही नये. जिथे बिल होते अशा दुकानांत आकार आणि जिथे बिल होत नाही अशा बाजारासाठी गोदामावर बंदी, अशी विभागणी केल्यास दोन्ही साधने उपयोगी पडतात. इंग्लंडनेही २०१५ साली आकार सुरू केला तो फक्त मोठ्या विक्रेत्यांसाठी. लहान दुकानांना तो २०२१ मध्ये लागू झाला. मासळीसाठी घरून झाकणाचा डबा नेणाऱ्या महिला म्हापशात आजही दिसतात, आणि मासळीवालीला त्याची अडचण तर होत नाहीच, उलट तिच्या दोन पिशव्या वाचतात.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. जाड पिशवी मलाच महाग पडते म्हणून मी तिचे पैसे लावतो, तर गिऱ्हाइके कायद्याची भाषा करतात. पिशवीचे पैसे घेणे कायदेशीर आहे की नाही, हे एकदा स्पष्ट सांगावे. (एक दुकानदार, फोंडा)

उत्तर : या बाबतीत नियम इतक्या वेळा बदलले आहेत, की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही गोंधळलेले असणे स्वाभाविक आहे. केंद्र सरकारच्या २०११ च्या प्लास्टिक कचरा नियमांत किरकोळ विक्रेत्याने पिशवी फुकट देऊ नये, असे होते. २०१६ च्या नियमांत ती तरतूद वेगळ्या रूपात आली. पिशव्या देऊ इच्छिणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करावी आणि महिन्याला किमान ४,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये भरावेत, असे त्यात सांगितले होते. लहान दुकानदाराला ते पेलणारे नव्हते, आणि २०१८ च्या दुरुस्तीत तो नियमच वगळण्यात आला. पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. जाड पिशवी महाग पडावी आणि म्हणून ती कोणी फुकट देऊ नये, हा त्यामागचा एक हेतू आहे.

तेव्हा आज आपण घेता ती पिशवीची किंमत आहे. तो सरकारी आकार नव्हे. किंमत घेण्यास हरकत नाही, मात्र ती आधी सांगितली पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या विक्री साखळीच्या प्रकरणात असे ठरवले, की पूर्वसूचना न देता पैसे भरण्याच्या खिडकीवरच पिशवीची किंमत बिलात चढवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून दाराशीच मराठीत किंवा कोकणीत फलक लावावा, त्यावर पिशवीची किंमत लिहावी, बिलात ती वेगळी दाखवावी, आणि गिऱ्हाइकाने घरून आणलेली पिशवी दुकानात नेण्यास कधीही मनाई करू नये. पिशवीवर दुकानाची जाहिरात छापून तिचे पैसे घेतले की गिऱ्हाइकाचा राग वाढतो, आणि तो मला रास्त वाटतो. इंग्लंडमध्ये पिशवीपोटी जमलेली रक्कम समाजोपयोगी कामाला द्यावी अशी सरकारची अपेक्षा असते आणि मोठ्या विक्रेत्यांना आपले आकडे सरकारला कळवावे लागतात. आपण आपल्या पातळीवर तेवढे केलेत, वर्षाकाठी किती पिशव्या विकल्या हे दुकानात लिहून लावलेत, तर कायद्याची भाषा करणारी गिऱ्हाइके बरीच निवळतील.

प्रश्न : बाटलीवर अनामत घेण्याची सक्ती झाली, तर रिकाम्या बाटल्या ठेवायच्या कुठे? गिऱ्हाइकाला परत द्यायला सुटे पैसे आणायचे कुठून? पर्यटक उत्तर गोव्यात कळंगुटला बाटली घेतो आणि दक्षिणेत पाळोळ्याला टाकतो. तो परत आणायला येणार आहे का? त्यापेक्षा सरकारने सरळ कर वाढवावा आणि कचरा स्वतः उचलावा. (बार व मद्यविक्रीचे दुकान चालवणारे एक वाचक, बार्देश)

उत्तर : आपल्या शेवटच्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण सगळा विषय तिच्याशी येऊन थांबतो. पिशवी नाकारता येते, म्हणून तिच्यावर आकार लावला की ती घेतली जात नाही. बाटली नाकारता येत नाही. बियर घ्यायची म्हणजे बाटली नाहीतर कॅन घ्यावाच लागतो. त्यावर कर वाढवला तर बियर तेवढी महाग होईल, लोक कुरकुरत ती घेतील, आणि रिकामी बाटली पूर्वी जिथे पडत होती तिथेच पडेल. कर भरून झाला की बाटलीचे पुढे काय होते याच्याशी गिऱ्हाइकाचा काही संबंध उरत नाही. अनामत रकमेत मात्र तो संबंध बाटली परत होईपर्यंत टिकतो.

याचे प्रत्यंतर आपल्या किनाऱ्यांवर आणि नदीकाठी रोज मिळते. रविवारच्या सहलीनंतर सोमवारी सकाळी पाहिले, तर ॲल्युमिनियमचे कॅन बहुतेक नाहीसे झालेले असतात, कारण ते वेचणाऱ्याला भंगारवाल्याकडे बरे पैसे मिळतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्याही बऱ्याचशा जातात. मागे राहते ती काच आणि चिवड्या-वेफर्सची चकचकीत पाकिटे. काच वजनाला जड आणि भावाला हलकी असते. गोणभर काच डोक्यावरून नेऊन मिळणारे पैसे त्या श्रमाला पुरत नाहीत, आणि फुटलेली असेल तर ती कोणाला नको असते. मग फुटक्या बाटलीचा बूड वाळूत रुततो, कडा वर राहतात, आणि पहाटे रापण, म्हणजे मासेमारीचे मोठे जाळे, ओढायला आलेल्या माणसाचा पाय त्यावर पडतो. ज्या वस्तूला किंमत आहे ती उचलली जाते आणि जिला नाही ती पडून राहते, एवढा साधा हा व्यवहार आहे. बाटलीवर अनामत म्हणजे काचेला ती किंमत देणे. किनाऱ्यावर मद्यपान करणाऱ्यांना गोव्यात २०१९ च्या दुरुस्तीने एकट्याला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड ठरवण्यात आला होता. पण दंडासाठी पकडणारा माणूस जागेवर लागतो, आणि एवढी माणसे कोणत्याही सरकारकडे नसतात.

आता आपल्या अडचणी. जागेची अडचण खरी आहे आणि खेळत्या पैशाचीही खरी आहे. तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्याच्या प्रत्येक बाटलीमागे १० रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली आणल्यावर ते परत देण्यास सुरुवात झाली, आणि बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या. परंतु तेथे मद्याची दुकाने एकाच सरकारी महामंडळाची आहेत. गोव्यात ती हजारो खाजगी परवानाधारकांची आहेत, त्यांत घराच्या पडवीत चालणारी लहान दुकानेही आहेत. म्हणून प्रत्येक दुकानावर परतीची सक्ती न करता स्वतंत्र संकलन केंद्रे हवीत, आणि जो दुकानदार स्वखुशीने बाटल्या घेईल त्याला प्रत्येक बाटलीमागे हाताळणीचा मोबदला मिळायला हवा. एवढे नसेल, तर योजनेचा सगळा भार आपल्यासारख्यांवर येईल आणि आपला विरोध समर्थनीय ठरेल.

पर्यटक बाटली परत आणणार नाही, हा मुद्दा मात्र मला पटत नाही. तो आणणार नाही हे गृहीत धरूनच ही पद्धत जगभर चालते. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या पेयपात्रांवर अनामत आहे, ती २५ सेंट असते. ज्यांना परत करण्याचा कंटाळा येतो ते बाटली कचरापेटीच्या शेजारी उभी करून ठेवतात आणि बाटल्या वेचणारे लोक ती नेऊन पैसे घेतात. पाळोळ्याला टाकलेली कळंगुटची बाटली पाळोळ्यातल्याच कोणाच्या तरी हाताने परत जाईल. त्यासाठी ती कोणत्याही केंद्रावर स्वीकारली गेली पाहिजे, एवढीच अट आहे.

राहिला सीमेचा प्रश्न. बाहेरच्या राज्यातून अनामत न भरता आलेली बाटली येथे पैसे मागू लागली, तर योजना वर्षभरही टिकणार नाही. प्रत्येक वेष्टनावर एकदाच वाचता येईल असा वेगळा संकेतांक असणे, हा त्यावरचा उपाय आहे. गोव्यातून बाहेर नेल्या गेलेल्या बाटल्यांची अनामत शिल्लक राहील, आणि येथून स्वस्त मद्य नेणारे पुष्कळ असल्याने ती रक्कम लहान नसेल. ती कोणाची, उत्पादकाची, योजना चालवणाऱ्याची की पंचायतीची, हे जाहीरपणे ठरले पाहिजे. परत न आलेल्या बाटल्यांवर योजना चालवणाऱ्यालाच नफा होत असेल, तर बाटल्या परत याव्यात असे त्याला वाटणार नाही. नॉर्वेने हा पेच उत्पादकापाशी सोडवला. तेथे पेयपात्रांवर पर्यावरण कर आहे, पण परतीचे प्रमाण जसजसे वाढते तसतसा तो कमी होतो आणि ९५ टक्के पात्रे परत आली की शून्य होतो. त्यामुळे बाटल्या गोळा करणे हा उत्पादकाचाच स्वार्थ बनतो.

आपल्या पिढीतल्या दुकानदारांना यातले काही अपरिचितही नाही. शीतपेयाचा रिकामा क्रेट दिल्याशिवाय भरलेला मिळत नसे, ते दिवस फार जुने नाहीत. आणि उर्राक या काजूच्या दारूच्या हंगामात भट्टीवर जाणारा माणूस आजही आपली बाटली किंवा कॅन सोबत घेऊनच जातो.

प्रश्न : मी सोनसोडोच्या कचरा डेपोपासून जवळ राहते. असे आकार आणि उपकर गोळा होतात, पण ते कचऱ्यावर खर्च होतात का? होत नसतील तर लोकांनी का द्यावेत? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली मांडलेला विचार असा, की एखाद्याच्या कृतीने इतरांचे नुकसान होत असेल आणि त्याची भरपाई तो करत नसेल, तर ते नुकसान कराच्या रूपाने त्या वस्तूच्या किमतीत आणावे. या तर्काने पाहिले, तर पैसा कुठे गेला याला महत्त्व नाही. किंमत वाढली आणि वापर घटला की कर आपले काम करून मोकळा झाला. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. राज्यकारभार म्हणून ते अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण ज्याच्या घरावरून सोनसोडोचा धूर गेला आहे त्याला केवळ तर्क पुरणार नाही.

कोळशावरच्या उपकराचे उदाहरण घ्या. केंद्र सरकारने २०१० साली टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला, तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभा करणे हा त्याचा जाहीर हेतू होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईच्या उपकरात विलीन झाला. मुरगाव बंदरातून येणाऱ्या कोळशाची धूळ ज्यांच्या खिडक्यांवर बसते, त्यांना या बदलाचे समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे. गोव्याचा स्वतःचा हरित उपकराचा कायदा २०१३ चा आहे. प्रदूषण करणाऱ्या पदार्थांच्या हाताळणीवर, वापरावर आणि वाहतुकीवर तो आहे. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे त्याचे तत्त्व योग्यच आहे, परंतु तो उद्योगांकडून वसूल होत असल्याने दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला तो दिसत नाही आणि त्यामुळे ग्राहकाच्या सवयीवर त्याचा परिणाम होण्याची अपेक्षाही ठेवता येत नाही.

आयर्लंडने पिशव्यांचा आकार पहिल्यापासून वेगळ्या पर्यावरण निधीत जमा केला, आणि लोकांनी तो स्वीकारण्यामागे हे एक मोठे कारण होते. आपणही तोच आग्रह धरावा. त्यासोबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यशस्वी आकाराचे उत्पन्न वर्षागणिक घटत जाते. ज्या खात्याला त्या उत्पन्नाची सवय लागते, त्याला पिशव्या कमी होणे नकोसे वाटू लागते. म्हणून साळगाव किंवा काकोडा येथील कचरा प्रक्रिया प्रकल्पांचा रोजचा खर्च, आणि सोनसोडोसारख्या जुन्या ढिगाऱ्याची विल्हेवाट, यांचा भार अशा आकारावर टाकू नये; तो नियमित अंदाजपत्रकातूनच उचलला पाहिजे.

प्रश्न : कापडी पिशवी वापरली की प्रश्न सुटतो ना? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : वापरली तर सुटतो; जमवली तर नाही. कापूस पिकवण्यापासून पिशवी शिवेपर्यंत बरेच पाणी आणि ऊर्जा खर्च होते. डेन्मार्कमध्ये २०१८ साली झालेल्या शासकीय अभ्यासानुसार, केवळ हवामानावरच्या परिणामाच्या निकषावर साधी सुती पिशवी पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येण्यासाठी सुमारे ५० वेळा वापरावी लागते. इतर निकष धरले तर हा आकडा पुष्कळ वाढतो. प्रत्येक कार्यक्रमात नव्या कापडी पिशव्या वाटणे त्यामुळे निरर्थक आहे. जुन्या साडीची किंवा चादरीची शिवलेली पिशवी या हिशेबात सर्वांत चांगली. कॅलिफोर्नियात पिशव्यांवर बंदी आल्यावर लोक कचऱ्यासाठी वेगळ्या प्लास्टिक पिशव्या विकत घेऊ लागले आणि वाचलेल्या प्लास्टिकपैकी सुमारे तीन दशांश भाग त्या मार्गाने परत आला, हेही सांगितले पाहिजे. तरीही सात दशांश वाचलेच.

प्रश्न : आमच्या भागात मजुरी करणारी कुटुंबे शांपू, चहा, तेल सगळे लहान पुड्यांतून घेतात. त्यावर आकार लावणे म्हणजे गरिबांनाच शिक्षा नव्हे का? (एक शिक्षक, सत्तरी)

उत्तर : होय, आणि म्हणून पुडीवर ग्राहकाकडून आकार घेण्याच्या मी विरोधात आहे. जो मोठी बाटली घेऊ शकत नाही म्हणूनच पुडी घेतो, त्याच्यासमोर दुसरा पर्याय नाही. आणि पर्याय नसताना लावलेला आकार सवय बदलत नाही, फक्त पैसे काढून घेतो. अनेक थरांच्या त्या पुडीचा पुनर्वापर जवळपास होत नाही, भंगारात तिला भाव नाही. तिची जबाबदारी ती बनवणाऱ्यावरच असली पाहिजे. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टनांसाठी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे वापरून झालेल्या वेष्टनाची विल्हेवाटही उत्पादकानेच पाहावी यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वे आणली आहेत. राज्याने तिथे कडक व्हावे. दुकानात सुटा चहा, सुटे तेल मापून देण्याची सोय टिकवणे हे त्याच्या जोडीचे काम आहे.

प्रश्न : दक्षिण कोरियात जेवढा कचरा तेवढे पैसे अशी पद्धत आहे असे ऐकले. पणजीत ती का आणू नये? (एक निवृत्त अभियंता, पणजी)

उत्तर : दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये ही पद्धत देशभर आणली. घरचा कचरा ठरावीक पिशवीतच द्यायचा आणि ती पिशवी विकत घ्यायची, पुनर्वापराच्या वस्तू मात्र फुकट नेल्या जातात. खरकट्या अन्नाचे वजनावर पैसे घेण्याची पद्धत पुढे आली. तिचा परिणाम मोठा झाला, यात शंका नाही. पणजीने २००० नंतरच्या दशकापासून घरोघरी वर्गीकृत कचरा गोळा करण्याची जी शिस्त बसवली आहे, ती पाहता तेथे प्रयोग होऊ शकेल. परंतु पणजीच्या हद्दीबाहेर लगेच झाडी आणि महामार्ग सुरू होतात, आणि पैसे वाचवण्यासाठी रात्री गाडीतून पिशवी फेकणारे आजच कमी नाहीत. म्हणून घरांपासून सुरुवात करू नये. हॉटेले, उपाहारगृहे आणि मोठ्या निवासी वसाहती यांच्यापासून करावी. त्यांचा कचरा मोजता येतो, त्यांचे परवाने असतात, आणि मिश्र कचऱ्याला जास्त व वर्गीकृत कचऱ्याला कमी दर लावणे तेथे लगेच शक्य आहे.

प्रश्न : आमच्या किनारी गावात प्रवेश करणाऱ्या प्रत्येक पर्यटकाकडून कचरा कर घ्यावा, असा ठराव ग्रामसभेत येणार आहे. आपले मत काय? (एक पंच सदस्य, बार्देश)

उत्तर : आपल्या गावावरचा भार मला मान्य आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या १४.५८ लाख, आणि वर्षाला येणारे पर्यटक एक कोटीच्या घरात. त्यांच्यामागे राहणारा कचरा गावकऱ्यांच्या घरपट्टीतून उचलावा, हे न्याय्य नाही. इंडोनेशियातील बालीने फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांवर दीड लाख रुपियांचा (तेथील चलनात) कर लावला आहे. पैसा उभा करण्याचे साधन म्हणून अशा कराचा विचार होऊ शकतो. पण त्याने कचरा कमी होईल अशी अपेक्षा ठरावात लिहू नये. जो कचरा करतो त्याच्यावर आणि जो स्वच्छ वागतो त्याच्यावर हा कर सारखाच बसतो. मग कोणी स्वच्छ का वागावे? उलट धोका आहे. इस्रायलच्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाली, आणि दंड काढून टाकल्यावरही ती खाली आली नाही. पैसे भरले आहेत, आता उशीर करायला हरकत नाही, असा पालकांनी अर्थ घेतला. दारातच कचरा कर भरलेला पर्यटक रिकामी बाटली टाकताना असाच विचार करेल, ही भीती मला वाटते.

त्याऐवजी आपल्या पंचायतीच्या आवाक्यात असलेली एक गोष्ट सुचवतो. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार, परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम करणाऱ्याने स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवणे आणि कचऱ्याचे वर्गीकरण करणे बंधनकारक करण्यात आले. बाहेरून येणाऱ्या संगीत मेजवान्या, किनाऱ्यावरची लग्ने, तसेच आपली जत्रा आणि फेस्तही या संख्येत सहज बसतात. यांच्या आयोजकांकडून उपविधी करून परताव्याची अनामत घ्यावी. ती माणसांच्या संख्येवर ठरवावी आणि सफाईच्या खऱ्या खर्चाहून जास्त ठेवावी, म्हणजे ती सोडून देणे कोणाला परवडणार नाही. कार्यक्रमाच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंच आणि आयोजक यांनी जागेची एकत्र पाहणी करून छायाचित्रे घ्यावीत, जागा स्वच्छ असल्यास आठवड्याच्या आत पूर्ण रक्कम परत करावी, आणि नसल्यास तिच्यातून सफाई कामगारांची मजुरी देऊन उरलेली परत करावी. देवस्थान समिती आणि चर्च यांच्याकडूनही ती घ्यावी, रक्कम हवी तर कमी ठेवावी. पण गावच्या उत्सवाला पूर्ण सूट दिली, तर बाहेरचा आयोजक पहिल्याच सुनावणीत त्यावर बोट ठेवेल. ठरावाच्या मसुद्यात अनामत रकमेचे कोष्टक, पाहणीची वेळ, परताव्याची मुदत आणि तक्रार कोणाकडे करायची हे चारही मुद्दे असावेत, आणि ग्रामसभेपुढे ठेवण्याआधी तो पंचायत सचिवांकडून तपासून घ्यावा.